चिंचोक्यांची वाटी

माझ्या शेताची, बैलांची, लेकीची चौकशी कोणी केली नाही तरी मला राग येत नाही. पोटाची केली की मात्र येतो. तीन वर्षं साऱ्या गावाने मला एकच प्रश्न विचारला, "उकंडराव, पोट कसं हाये?" विहिरीवर विचारला, मारुतीच्या पारावर विचारला, एकाने तर मयतीला जाता जाता विचारला. माणूस म्हणजे काय नुसतं पोटच असतं का?

खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत मी नुसतं पोटच होतो.

मोताळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. जर्मनीच्या लढाईचं तिसरं वर्ष लागलं होतं आणि कपाशीची वेचणी चालू होती. एके दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मला सहा वेळा लोटा घेऊन नाल्याकडे जावं लागलं. वाटलं, हुरडा जास्त झाला. पण हुरड्याचे दिवस संपले, होळी झाली, आंबे आले आणि गेले, तरी लोटा काही हातातून सुटेना. आधी नुसती आव पडायची, मग तिच्यात रक्त दिसू लागलं. दिवसाला दहा वेळा, अकरा वेळा. पोटात अशी मुरड यायची की औत तसंच उभं ठेवून पळावं लागायचं. बैलांनासुद्धा ते कळून चुकलं होतं. मी कमरेला हात लावला की ते आपणहून थांबायचे.

माझी बायको झुंबरबाई. मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नाही. कोंबड्या मोजते, गोवऱ्या मोजते, पाहुण्याने किती भाकरी खाल्ल्या तेही मोजते, आणि वर पाहुण्याला सांगते. दुखणं लांबलं तसं तिने भिंतीतल्या देवळीत एक पितळी वाटी ठेवली आणि शेजारी चिंचोके. मी लोटा उचलला की ती वाटीत एक चिंचोका टाकायची. संध्याकाळी वाटी रिकामी करायच्या आधी मला दाखवायची.

"तुमी म्हणता आठ. वाटीत तर बारा हायेत."

"तू माह्या लोट्यावर पाळत ठेवून राह्यली का?"

"हाव. कोनं तरी ठेवाले पाह्यजे."

या बाईचं दुसरं वेड म्हणजे तिखट. आमच्या वऱ्हाडात तिखट सगळेच खातात, पण हिची गोष्ट वेगळी. कच्ची मिरची भाकरीसोबत ती अशी खायची जशी दुसरी बाई गूळ खाईल. नवसाच्या रोडग्यांचं, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण असलं की मी दोन रोडग्यांत आडवा व्हायचो; ही बायकांच्या पंगतीत तीन रोडगे चुरून, वर वांग्याच्या भाजीचा लाल तवंग ओतून, नाक पुसत पुसत संपवायची आणि चौथ्याकडे बघायची. लग्नात तिच्या बापाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोरगी गुणाची आहे, फक्त मिरच्यांचा एक वाफा जास्त लावा. मी दोन लावले.

औषधं किती झाली ते विचारू नका. बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाची साल झाली, कुणाच्या तरी मामाने सांगितलेली राख झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नीट विचारपूस केली आणि सांगितलं की मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या आहेत, हे दुखणं चिवट असतं. त्यांच्या औषधाने वाटी सहावर आली. पंधरा दिवस मी गावभर मिरवलो. सोळाव्या दिवशी वाटीत पुन्हा अकरा. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे याहून जास्त काही नाही. खोटं बोलले नाहीत म्हणून मला तो माणूस आवडला.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा माझं धोतर कमरेला दोन वेढे जास्त घेऊ लागलं. झुंबरबाई भाकरी थापताना माझ्याकडे बघायची आणि मी बघितलं की चुलीकडे बघायची. मला भीती वाटत होती, तिलाही वाटत होती, आणि ते एकमेकांना सांगायचीही आम्हाला भीती वाटत होती.

तेवढ्यात लेकीचा निरोप आला. आमची एकुलती एक गीता देऊळगाव राजाला दिलेली. तिच्या सासरच्या आळीत, बालाजीच्या देवळामागे, वामनराव म्हणून एक वैद्य राहतात, त्यांनी असली दुखणी बरी केलीत, बाबांना पाठवा. पण दोन महिने तिथेच राहावं लागेल.

आता आली का पंचाईत! लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गीताच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. मी म्हणालो, मरेन पण लेकीच्या घरी जेवणार नाही. झुंबरबाई म्हणाली, मग मराच. शेवटी आमचा शेजारी पुंजाजी म्हणाला, "आधी जाऊन तर पाहू बे. जेवाचं मंग पाहू." पुंजाजी माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला स्वतःच्या घरचं कोणतंही काम वेळेवर सुचत नाही, दुसऱ्याचं मात्र लगेच सुचतं.

पौषात आम्ही निघालो. त्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालत. मोटारीच्या मागे ती मोठी शेगडी, आणि दर दोन-तीन कोसांवर गाडी थांबवून ड्रायव्हरने तिच्यात सळई घालायची. बाकीचे लोक त्या मोटारीला शिव्या देत होते. मी एकटा तिला दुवा देत होतो. मोताळ्याहून बुलढाणा, तिथून चिखली, तिथून देऊळगाव, असं करत पोचलो तोवर रस्त्याकडेच्या एकूण एक बाभळी माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या.

वामनराव वैद्य बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि न लाजता सगळं विचारलं. मग म्हणाले, "संग्रहणी आहे. जुनी आहे आणि हट्टी आहे. ताकावर ठेवतो."

"म्हणजे जेवणात ताक घ्यायचं?"

"जेवण नाहीच. ताकच. धान्य हळूहळू बंद, पाणीसुद्धा बंद. भूक लागली ताक, तहान लागली ताक. चाळीस दिवस."

मी पुंजाजीकडे बघितलं. पुंजाजीच्या तोंडावर मोठा उजेड पडला. तो बाहेर येऊन म्हणाला, "उकंडराव, सुटलं! अन्न बंद, पानी बंद. ताक तं अन्नबी नाही अन् पानीबी नाही. आता लेकीच्या घरी राहाले कोन अडवते?" धान्य सुटेपर्यंतचे सात-आठ दिवस भाताच्या पेजेची सोय वैद्यबुवांकडेच झाली. अशा रीतीने माझा नेमही राहिला आणि मी लेकीच्या ओसरीवर जाऊन पडलो. पुंजाजी दुसऱ्या दिवशी गावाकडे परतला.

गीता पहाटे उठून गायीच्या दुधाचं दही घुसळायची, लोण्याचा कण राहू द्यायची नाही, आणि त्यात सुंठ-सैंधव घालून तांब्या माझ्यापुढे ठेवायची. सोबत वैद्यबुवांच्या पुड्या आणि कुड्याच्या सालीचा काढा. तो काढा इतका कडू की प्यायल्यावर माणूस स्वतःच्या वैऱ्यांनाही माफ करील. आईने बजावल्याप्रमाणे गीतानेही एक वाटी आणि चिंचोके ठेवले होते. माझ्या घरातल्या बायकांपासून सुटका नाही ती नाहीच.

पहिल्या आठवड्यात वाटीत अकरा, अकरा, तेरा. मी सामान बांधायला घेतलं. वैद्यबुवा म्हणाले, बसा. दुसऱ्या आठवड्यात नऊ. मग सात. अठराव्या दिवशी चार, आणि रक्त नाही. मी गीताला म्हणालो, तू मोजायला चुकलीस. ती म्हणाली, "बाबा, आईची पोर हाये मी." तिसाव्या दिवशी दोन.

त्या दिवशी मी बालाजीच्या देवळात गेलो, दर्शन घेतलं, सभामंडपात बसलो, दोन म्हाताऱ्यांशी कापसावर बोललो आणि चालत परत आलो. ओसरीवर टेकल्यावर ध्यानात आलं की जाताना-येताना मी एकदाही आडोसा शोधला नव्हता. दोन वर्षांत मी रस्ता म्हणून रस्ता बघितलाच नव्हता, नुसती झुडपं बघितली होती. मी उपरणं तोंडाला लावून रडलो. गीता घाबरून धावत आली आणि पोट दुखतंय का म्हणून विचारू लागली.

निघताना वैद्यबुवांनी बजावलं, "दोन वर्षं गहू नाही, वांगं नाही, तुरीचं वरण नाही, तिखट नाही, तेल नाही. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं पाणी, ताक. आणि एक ध्यानात ठेवा. हे दुखणं गेलेलं नाही, निजलंय. त्याला उठवू नका."

मी म्हणालो, मी त्याच्या जवळून चालतानासुद्धा जोडा वाजवणार नाही.

घरी आलो. झुंबरबाईने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला वर-खाली न्याहाळलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "मारोतीचे रोडगे कधी करा लागतीन?"

"कोनते रोडगे?"

तेव्हा कळलं. मी मोटारीत बसलो त्याच दिवशी ही नदीकाठच्या मारुतीला गेली आणि नवस बोलली. घरधनी आपल्या पायांनी परत आला, तर पाच पायल्या कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, साऱ्या गावाला जेवण. आणि रोडग्याचा पहिला घास घरधन्याच्या तोंडी. त्याने गिळल्यावर मग गावाने हात लावायचा.

मी कपाळावर हात मारला. गहू, वांगं, तूर, तिखट, तेल. वैद्यबुवांनी जे जे बंद केलं होतं ते सगळं हिने वेचून वेचून एका पत्रावळीवर वाढलं होतं.

"अवं, दुसरं काई बोलाले येत नव्हतं? नारळ नव्हता? साखर नव्हती?"

"मले काय ठाव वैद्य काय म्हननार ते? मले वाटलं, बरा झालेला मानूस काय खाते? रोडगे खाते."

तिचंही चुकलं नव्हतं. आमच्याकडे माणूस बरा झाला याचा दुसरा पुरावाच नाही.

मी दिवस ढकलू लागलो. आधी म्हणालो, वेचणी आटपू दे. मग म्हणालो, उन्हाळ्यात वांगी नाहीत. तिकडे गाव वाट बघत होतं. पाच पायल्यांचे रोडगे म्हणजे गंमत नाही. आणि ते सगळे माझ्या आतड्यापाशी येऊन अडले होते. म्हणून जो तो विचारायचा, पोट कसं हाये? पूर्वी काळजीने विचारायचे, आता भुकेने. "बरं आहे" म्हणावं तर "मंग रोडगे?" आणि "बरं नाही" म्हणावं तर झुंबरबाई चिंचोके घेऊन धावायची. मारुतीच्या गुरवाला मी हळूच विचारलं की पहिला घास माझ्या बदली पुंजाजीने खाल्ला तर चालेल का. पुंजाजी मागे तयारच उभा होता. गुरव म्हणाला, दुखणं पुंजाजीला होतं का?

पोळ्याला माझं मन जरा चळलं. बैलांना पुरणपोळी चारली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. नुसती अर्धी! संध्याकाळी वाटीत पाच, दुसऱ्या दिवशी सात, आणि पुन्हा ती आव. आठ दिवस मी ताकावर पडून होतो. झुंबरबाई वाटीतले चिंचोके दोन-दोनदा मोजायची. नवव्या दिवशी वाटी दोनवर आली तेव्हा मी ठरवून टाकलं, मारुतीला काय रागवायचं ते रागवू दे, हा नवस फिटणार नाही. वैद्यबुवांना कार्ड टाकून विचारलंही. उत्तरात एकच शब्द होता : नाही.

ते कार्ड मी पारावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. गाव हिरमुसलं. मला आत कुठेतरी बरंच वाटलं.

घरी परत येत होतो तर वाटेत पुंजाजीची बायको मंजुळाबाई आडवी आली. ही बाई नात्याने वहिनी आणि बोलण्याने फौजदार.

"भाऊजी, नवस नाही फेडत म्हनता?"

"वैद्यानं लिहून पाठवलं आहे, वहिनी."

"तुमच्या वैद्याले झुंबरबाईचं लिहून कळवलं का?"

"तिचं काय?"

मंजुळाबाईने पदर खोचला. "वा रे धनी! एका घरात राहून राह्यले अन् ठाव नाही? नवस अर्धाच सांगतला तिनं तुमाले. तुमी पयला घास खासान, तवरोक तिनं गहू सोडला, वांगं सोडलं, तिखट सोडलं. तुमी गेले त्या दिवसापासून मिरचीचा दाना नाही तिच्या तोंडात. आठ महिने झाले! तुमचं तं दुखनं होतं. तिले काय झालं होतं?"

मी तिथेच वाटेच्या कडेला बसलो. मी परत आल्यापासून रोज ती माझ्यासमोर मुगाचं पाणी आणि भात खात होती. मला वाटलं होतं, दोन चुली कशाला म्हणून. एकदा मी वर थट्टाही केली होती की म्हातारपणी तुझी जीभ मऊ झाली. ती हसली होती. पाहुण्यांच्या भाकऱ्या मोजणारी ती, आणि मी माझ्या घरातल्या एका माणसाच्या ताटाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला माझाच संताप आला. तसाच उठून मी घरी गेलो.

"गीताची माय, तू मले काऊन नाही सांगतलं?"

तिने तांदूळ निवडता निवडता मान वर केली नाही. "सांगतलं असतं तं तुमी खाल्लं असतं. अन् पोळ्यासारखं झालं असतं."

"मंग आता काय जलमभर भात खाशीन?"

"खाईन. तुमी हायसा ना समोर."

मी उठलो आणि वैद्यबुवांना दुसरं कार्ड लिहिलं. या वेळी सगळं लिहिलं, तिखटाच्या दोन वाफ्यांसकट.

आठ दिवसांनी उत्तर आलं. वैद्यबुवांचं अक्षर मुंग्यांसारखं बारीक, पण कार्ड गच्च भरलं होतं. घास एकच. आवळ्याएवढा. भाजी-वरण लावायचं नाही, नुसतं तूप. एकशे एक वेळा चावायचा, तोंडात त्याचं पाणी झाल्याशिवाय गिळायचा नाही. वर ताक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनपर्यंत गेलात तर ठीक. चार झाले तर मिळेल त्या मोटारीने इकडे या. आणि खाली एक ओळ : "बाईंना माझा नमस्कार सांगा."

मार्गशीर्षात वांगी भरात आली तेव्हा दिवस धरला. नदीकाठी गोवऱ्यांचे ढीग पेटले, निखारे पडले, त्यात कणकेचे गोळे खरपूस भाजू लागले. दोन मोठ्या कढयांत वांगी रटरटत होती. त्या वासाने मला अर्धा जीव गेल्यासारखं झालं. सारं गाव पळसाच्या पत्रावळी पुढे घेऊन रांगेत बसलं, दोनशे माणूस, सगळ्यांच्या पत्रावळींवर वाढलेलं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. झुंबरबाईने मारुतीपुढे डोकं टेकलं, एका रोडग्याचा आवळ्याएवढा तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी तोंडात टाकला. धुराचा, गव्हाचा, तुपाचा तो स्वाद! तीन वर्षांनी माझ्या तोंडात माझं गाव आलं. मी चावायला लागलो.

पुंजाजी मोठ्याने मोजू लागला. पहिल्या वीसपर्यंत लोक भक्तिभावाने ऐकत होते. चाळिसाला चुळबुळ सुरू झाली. साठाला उत्तमराव पाटलांनी, ज्यांना गावात कोणी थांबवत नसे, घसा खाकरला.

"उकंडराव, गिळा आता. तूप थिजून राह्यलं!"

मी हाताने थांबा म्हणालो. तोंड उघडलं असतं तर घास सांडला असता. पंचाहत्तरला सगळं गाव पुंजाजीबरोबर मोजू लागलं. नव्वदला पोरंटोरं उभी राहून ओरडत होती. माझा जबडा दुखायला लागला, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी समोर फक्त झुंबरबाईकडे बघत होतो. एकशे एक! मी गिळला. बजरंगबलीचा असा गजर झाला की झाडावरचे बगळे उठून नदीपार गेले, आणि दोनशे हात एकदम रोडग्यांवर पडले. पुढचा पाव तास कोणी कोणाचं पोट विचारलं नाही.

बायकांची पंगत शेवटी बसली. मंजुळाबाईने झुंबरबाईला हाताला धरून बसवलं, पत्रावळ वाढली. ही उठली.

"काऊन वं?" मंजुळाबाई ओरडली. "फिटला ना नवस!"

"मारोतीचा फिटला," ती म्हणाली. "वैद्याचा उद्या दुपारी फिटन."

तिने स्वतःच्या वाट्याचे रोडगे आणि वांग्याची भाजी डब्यात भरली आणि घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घासून दारात ठेवली होती. पुंजाजी ओट्यावर येऊन बसला होता, त्याला म्हणे माझी कुऱ्हाड हवी होती. मंजुळाबाईला विस्तव हवा होता. उत्तमराव पाटीलही सहज आले, जे माझ्या दारात कधी सहज येत नाहीत. मी लोटा घेऊन निघालो आणि परत आलो. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वाटीत एक चिंचोका पडला.

मग आम्ही बसलो. ऊन अंगणात आलं. कोणी कापसाचं बोललं, कोणी बैलाचं, पण लक्ष कोणाचंच नव्हतं. दहाच्या सुमारास पोटात गुर्रकन आवाज झाला आणि मी उठलो. सगळे उठले. झुंबरबाईने चिंचोका हातात घेतला. मी आत गेलो, कोनाड्यातली तंबाखूची डबी घेतली आणि परत येऊन बसलो. पाटील म्हणाले, असा जीव घेऊ नका हो.

सावली पायाखाली आली तरी वाटीत एकच होता. मी सांगितलं, "भूक लागली." पुंजाजी कुऱ्हाड न घेता गेला, मंजुळाबाई विस्तव न घेता गेली, आणि जाता जाता दोघांनी सगळ्या आळीला सांगितलं.

झुंबरबाईने दारातली वाटी उचलून देवळीत ठेवली. तिने मला ताक-भात वाढला. मग वाफ्यातून मूठभर मिरच्या तोडून आणल्या, लसूण-मीठ घालून ठेचा कुटला, डबा उघडला. शिळे रोडगे चुरले, त्यावर कालच्या वांग्याच्या भाजीचा तवंग ओतला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिच्या नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं, आणि ती ते पुसेनाच. रडत होती की तिखट लागलं होतं ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं.

मी देवळीतून वाटी ओढली. आतला तो एक चिंचोका काढून ठेवला. तिचा पहिला रोडगा संपला तेव्हा वाटीत एक चिंचोका टाकला. दुसरा संपला, दुसरा टाकला. तिसरा टाकला तेव्हा तिने वर बघितलं.

"माहे रोडगे मोजून राह्यले का?"

"हाव," मी म्हणालो. "कोनं तरी मोजाले पाह्यजे."

ती हसली, आणि हसता हसता तिने चौथ्या रोडग्याकडे हात नेला.